पाण्याच्या वाटेने बोरिवलीचे जंगल: संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास आणि तेथे फिरण्याची रीत

मुंबई आणि ठाणे या दोन शहरांच्या मधोमध सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आजही टिकून आहे. पश्चिमेला बोरिवलीपासून गोरेगावपर्यंतची उपनगरे, पूर्वेला भांडुप, मुलुंड आणि ठाणे, दक्षिणेला आरे व पवई, तर उत्तरेला घोडबंदर रस्ता आणि वसईची खाडी असा त्याला चहूकडून वेढा आहे. खाडीपलीकडचा नागला विभागही याच उद्यानात मोडतो. या जंगलात बिबट्या, सांबर, चितळ आणि भेकर मोकळेपणी राहतात, अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी दिसतात आणि दोन हजार वर्षांपूर्वी खोदायला घेतलेली शंभराहून अधिक लेणी त्याच्या पोटात आहेत.

असे असूनही येथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची भेट मुख्य फाटकाजवळच्या बागेत किंवा बसने कान्हेरीच्या लेण्यांना जाऊन परत येण्यात संपते. त्यात गैर काही नाही, पण जंगल मात्र पाहायचे राहून जाते. माझ्या मते हे उद्यान समजून घेण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे त्यातले पाणी पाहणे. लेणी येथे खोदली गेली, जंगल येथे टिकले आणि वन्यजीव येथे तग धरून राहिले, या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी पाणी आहे. म्हणून आधी इतिहास थोडक्यात सांगतो आणि मग भेटीची आखणी कशी करावी ते क्रमाने मांडतो.

जाण्याआधी वाचावा असा इतिहास

या डोंगराचे जुने नाव कृष्णगिरी असून कान्हेरी हे त्याचेच रूप आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे बौद्ध भिक्षूंची वस्ती सुरू झाली आणि ती जवळजवळ हजार वर्षे टिकली. सोपारा, कल्याण आणि चेऊल ही बंदरे जवळ होती. तेथील व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दिलेल्या दानाचे लेख लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके दिले, तर कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी कायमची ठेव ठेवली. या लेखांत टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे आणि लेण्यांइतक्याच आस्थेने त्यांच्या दानाची नोंद केली आहे, याचे कारण उघड आहे. पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने कोरडा कातळ अशा डोंगरावर शेकडो माणसांना वर्षभर राहायचे, तर पाणी साठवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

भिक्षूंची वस्ती ओसरल्यावरही या जागेची ओळख पुसली गेली नाही. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी येथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी त्यांत आपली नावे कोरून ठेवली आहेत. सोळाव्या शतकात साष्टी बेट, म्हणजे हा डोंगर ज्यावर आहे ते बेट, पोर्तुगिजांच्या ताब्यात गेले, तेव्हा येथील चैत्यगृहाचा, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्याचा, काही काळ ख्रिस्ती प्रार्थनास्थळ म्हणून वापर झाला.

जंगलाच्या दृष्टीने निर्णायक वळण आले ते एकोणिसाव्या शतकात. मुंबई बेटावरच्या विहिरी आणि तलाव वाढत्या लोकसंख्येला पुरेनासे झाले होते आणि उन्हाळ्यात शहराला पाण्याची भीषण टंचाई जाणवत होती. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये तेथून नळाने शहरात पाणी आले. मुंबईची ही पहिली नळपाणी योजना होय. तेही पाणी अपुरे पडू लागल्यावर वरच्या अंगाला तुळशी तलाव बांधण्यात आला आणि तो १८७९ मध्ये पूर्ण झाला. आजही तुळशी भरून वाहू लागला की त्याचे पाणी विहारमध्ये उतरते आणि विहार भरला की मिठी नदीत.

आज मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण क्षमता सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर आहे. त्यात विहारचा वाटा २७,६९८ आणि तुळशीचा ८,०४६ दशलक्ष लिटर, म्हणजे दोन्ही मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. शहराची तहान आता भातसा आणि वैतरणेच्या खोऱ्यांवर भागते. परंतु ज्या काळात उपनगरे पसरत गेली, त्या काळात या दोन तलावांचे पाणलोट क्षेत्र स्वच्छ राहिले पाहिजे या एका गरजेपोटी तेथे वस्ती वाढू दिली गेली नाही. शहराच्या मध्यभागी एवढे सलग जंगल उरले, त्याचे श्रेय मी सर्वप्रथम या बंधनाला देतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास कृष्णगिरी उपवन म्हणून जो भाग राखला होता, तो अवघा वीस चौरस किलोमीटरच्या आसपास होता. १९६९ मध्ये शेजारची राखीव वने जोडून त्याचा मोठा विस्तार झाला. पुढे ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाऊ लागले, नंतर त्याला संजय गांधी यांचे नाव देण्यात आले आणि ठाण्याच्या बाजूची वनेही त्यात आली. बोलण्यात मात्र ते अजूनही ‘नॅशनल पार्क’च आहे.

संरक्षणाचा हा इतिहास सरळ रेषेत गेलेला नाही. उद्यानाच्या कडांवर झोपडपट्ट्या वाढत गेल्या. १९९५ मध्ये या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे हटवून पात्र कुटुंबांचे उद्यानाबाहेर पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. त्यातील अनेक कुटुंबे चांदिवलीला गेली. मात्र उद्यान घोषित होण्याच्या कितीतरी आधीपासून येथे राहणारे वारली, कोकणा आणि मल्हार कोळी समाजाचे पाडेही याच हद्दीत आहेत आणि त्यांचा प्रश्न अतिक्रमणाच्या मापाने मोजता येत नाही. फिरायला जाणाऱ्याने हा फरक मनाशी पक्का ठेवावा, कारण त्याच्या वागण्याची रीत त्यावरून ठरते.

पहिली पायरी: एका भेटीत एकच हेतू ठेवा

लेणी, पक्षी, सायकल, मुलांची सहल आणि डोंगरवाट हे सर्व एकाच दिवसात उरकण्याचा बेत आखू नये. प्रत्येकाची वेळ वेगळी असते आणि चालण्याचा वेगही वेगळा असतो. पक्षी पाहणाऱ्याला एका झाडाखाली अर्धा तास थांबावे लागते, तर सायकलस्वाराला थांबायचे नसते. नवख्या माणसाने पहिली भेट कान्हेरीसाठी द्यावी, दुसरी निसर्ग माहिती केंद्राबरोबरच्या पायवाटेसाठी आणि तिसरी ठाण्याच्या बाजूने येऊरसाठी. या क्रमाने गेल्यास जंगलाचा नकाशा आपोआप डोक्यात तयार होतो.

दुसरी पायरी: ऋतू निवडा

जून ते सप्टेंबर हा पाण्याचा हंगाम असतो. कान्हेरीच्या कातळांवरून ओहोळ धावू लागतात, ओढे फुगतात आणि दहिसर नदी दोन्ही काठ धरून वाहते. ही नदी याच डोंगरात, तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते. बोरिवली-दहिसरच्या वस्तीत तिचे जे रूप दिसते ते पाहिलेल्या माणसाने जंगलातली स्वच्छ नदी अवश्य पाहावी. पावसाच्या तोंडाला नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते आणि पुढे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. पावसाळा सरताना फुलपाखरांची गर्दी होते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ‘ब्लू मॉरमॉन’ तेव्हा येथे सहज दिसते.

कारवी हा येथील आणखी एक विशेष. डोंगरउतारावर दाट वाढणारे हे झुडूप साधारण आठ वर्षांतून एकदाच सामूहिकपणे फुलते आणि मग उतारच्या उतार जांभळे होतात. २००८ आणि २०१६ या वर्षांच्या पावसाळ्यात येथे असा बहर आला होता.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालण्यासाठी सर्वांत सुखाचा असतो. हवा थंड असते आणि स्थलांतरित पक्षी आलेले असतात. मार्चच्या आसपास पानगळीमुळे जंगल उघडे पडते. पळस, पांगारा आणि काटेसावर फुलतात आणि त्यांच्या मधावर मैना, कोतवाल, सूर्यपक्षी यांची झुंबड उडते. पक्षीनिरीक्षण नव्याने सुरू करणाऱ्याला मी हाच काळ सुचवीन, कारण पानांचा आडोसा नसतो आणि एका फुललेल्या सावरीखाली तासाभरात डझनभर जाती पाहायला मिळतात. एप्रिल-मेमध्ये जायचे असेल तर फाटक उघडताच आत शिरावे आणि ऊन चढण्याआधी बाहेर पडावे.

तिसरी पायरी: प्रवेशद्वार आणि वेळ ठरवा

मुख्य प्रवेशद्वार बोरिवली पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गावर आहे. बोरिवली स्थानकातून तेथे चालत किंवा रिक्षाने जाता येते. मेट्रो ७ वर राष्ट्रीय उद्यान नावाचे स्थानकही आहे. उद्यान आणि कान्हेरी लेणी दोन्ही सोमवारी बंद असतात. उद्यानाचे प्रवेशशुल्क वनविभाग घेतो आणि कान्हेरीचे तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे, वेगळे असते. दर, बसची व्यवस्था, खासगी वाहनांवरील निर्बंध आणि सफारीच्या फेऱ्या यांत वेळोवेळी बदल होतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. मुलांना ‘वनराणी’ या छोट्या रेल्वेगाडीचे वचन देण्याआधी तर ही चौकशी अवश्य करावी. मे २०२१ मधील तौक्ते वादळात तिच्या रुळांचे मोठे नुकसान झाले होते आणि ती दीर्घकाळ बंद राहिली होती.

रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी दहानंतर मुख्य रस्त्यावर मोठी गर्दी होते. शक्य असल्यास आठवड्याच्या मधला दिवस निवडावा. ते जमत नसेल तर निदान फाटक उघडण्याच्या वेळी हजर राहावे. सोबत प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी, पकड असलेले बूट, पावसाळ्यात कपड्यांचा एक सुका जोड आणि कचरा परत आणण्यासाठी कापडी पिशवी असावी. पाणी धातूच्या बाटलीत न्यावे. आत प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ देत नाहीत आणि खाद्यपदार्थांच्या पिशव्या पाहून माकडे अंगावर येतात.

चौथी पायरी: कान्हेरी नीट पाहा

मुख्य फाटकापासून लेण्यांपर्यंतचा डांबरी रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे. चालत गेल्यास दीड ते दोन तास लागतात. शेवटचा टप्पा चढणीचा आहे, तरी प्रकृती साथ देत असेल तर एकदा तरी चालतच जावे. वाटेत बांबूची बेटे, सागाचे पट्टे आणि ओढ्यांवरचे छोटे पूल लागतात, पक्षी ऐकू येतात आणि आपण हळूहळू एका खोऱ्यात वर चढत आहोत हे पायांना कळते. बसमधून यातले काहीच कळत नाही. सायकल भाड्याने घेऊनही हा रस्ता करता येतो. मात्र उतरताना वेग आवरता ठेवावा, कारण वळणावर चालणारे लोक, माकडे आणि कधी चितळही आडवे येते.

लेण्यांत शिरल्यावर सर्वांचे पाय आपोआप ३ क्रमांकाच्या चैत्यगृहाकडे वळतात. दुसऱ्या शतकात, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात व्यापारी भावांच्या दानातून ते उभे राहिले. दर्शनी भिंतीवर दांपत्यांची शिल्पे आहेत, ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती नंतरच्या काळात कोरलेल्या आहेत आणि आत खांबांच्या रांगांमधून स्तूप दिसतो. आत गेल्यावर काही वेळ डोळे अंधाराला सरावू द्यावेत, म्हणजे खांबांच्या माथ्यावरची हत्तींची शिल्पे स्पष्ट होतात. तेथून ११ क्रमांकाचे ‘दरबार’ लेणे पाहावे. त्याच्या मधोमध जमिनीलगत कोरलेले दोन लांबलचक दगडी बाक आहेत. वेरूळच्या ५ क्रमांकाच्या लेण्यात असेच बाक पाहायला मिळतात. ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांच्या अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाची मूर्ती आहे, तर ३४ क्रमांकात छतावर अर्धवट राहिलेल्या चित्रांच्या खुणा आहेत.

बहुतेक लोक येथून मागे फिरतात. माझा आग्रह आहे की त्यांनी कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी आणखी वर जावे आणि आता शिल्पांऐवजी पायाखालचा दगड पाहत जावे. प्रत्येक लेण्याच्या दाराशेजारी एक चौकोनी तोंड दिसेल, ती पोढी. तिच्या वरच्या कातळावर बोटभर खोल पन्हळी कोरलेल्या दिसतील. पावसाचे पाणी लेण्यात न शिरता पन्हळीवाटे टाक्यात उतरावे, टाके भरले की जादा पाणी खालच्या टाक्याकडे जावे, अशी ही रचना डोंगरभर पसरली आहे. भर पावसात गेल्यास ती चालू स्थितीत पाहता येते आणि शतकानुशतके कोणी देखभाल केली नसतानाही पाणी ठरलेल्या वाटेने टाक्यात जाताना दिसते. टाक्यांतले पाणी पिऊ नये, त्यात पाय घालू नयेत आणि काठावर वाकू नये. कातळ शेवाळाने निसरडा झालेला असतो.

वेळ उरल्यास दक्षिणेकडे, ८४ ते ८७ क्रमांकांच्या आसपास असलेली निर्वाण वीथी पाहावी. कड्याखालच्या या लांब कपारीत भिक्षूंच्या स्मरणार्थ बांधलेल्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. एकूण चार तास कान्हेरीसाठी राखून ठेवावेत.

पाचवी पायरी: पायवाटांवर परवानगीनेच जा

मुख्य रस्ता सोडून जंगलात शिरण्यासाठी वनविभागाची परवानगी लागते आणि ती मागण्याचा सोपा मार्ग म्हणजे निसर्ग माहिती केंद्राच्या मार्गदर्शित पदभ्रमंतीत नाव नोंदवणे. शिलोंडा ही वाट नवख्यांसाठी उत्तम आहे. ओढ्याच्या काठाने जाणारी ही वाट फारशी चढणीची नाही आणि पक्षी, फुलपाखरे, कोळी यांच्या दृष्टीने अतिशय समृद्ध आहे. ज्यांना चढ हवा आहे त्यांनी जांभूळमाळची चौकशी करावी; सुमारे ४६८ मीटर उंचीचा हा उद्यानातला सर्वोच्च भाग आहे आणि स्वच्छ हवेत तेथून तलाव व भोवतीचे शहर एकत्र दिसते. नागला विभागातील वाट खाडीच्या दिशेने जाते. त्या बाजूने हे जंगल तुंगारेश्वर अभयारण्याच्या दिशेने पुढे सरकते, म्हणून वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याच्या दृष्टीने तो पट्टा फार मोलाचा आहे. येऊरला ठाणे स्थानकातून बसने जाता येते आणि पहाटेच्या पक्षीनिरीक्षणासाठी ठाणेकरांची ती पहिली पसंती आहे.

तुळशी आणि विहार तलावांच्या काठी परवानगीशिवाय जाण्यास मनाई आहे. ते पिण्याच्या पाण्याचे साठे आहेत आणि दोन्हींत मगरी आहेत. कोणी ‘आडवाट दाखवतो’ म्हणाले तरी जाऊ नये.

सहावी पायरी: बिबट्याच्या घरात कसे वागावे

कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, साहाय्याने केलेल्या अभ्यासात २०१५ मध्ये उद्यान आणि आरे परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले, तर २०१८ मध्ये अधिक विस्तृत क्षेत्रात ४७. एवढे बिबटे लाखोंच्या वस्तीशेजारी राहतात आणि बहुसंख्य लोकांना ते कधीही दिसत नाहीत, कारण ते माणसाला टाळतात. २००४ मध्ये मात्र बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली होती. बाहेर पकडलेले बिबटे या जंगलात आणून सोडण्याच्या पद्धतीकडे अभ्यासकांनी त्यानंतर बोट दाखवले. अनोळखी प्रदेशात सोडलेला प्राणी बिथरतो आणि आपल्या मूळ जागेकडे निघतो, असे त्यांचे म्हणणे आहे. २०११ मध्ये वनविभागाने नागरिक आणि अभ्यासकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे उद्यानाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) हा उपक्रम सुरू केला आणि पकडापकडीऐवजी लोकांच्या वागण्यात बदल घडवण्यावर भर दिला. मला हा बदल या उद्यानाच्या अलीकडच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पाड्यांवर आणि आरेमध्ये वाघोबाची पूजा पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. शेजारी म्हणून बिबट्याला मान्य करणारी समज तेथे आधीपासूनच होती.

फिरणाऱ्याने पाळायचे नियम थोडके आहेत. पहाटे अंधारात किंवा संध्याकाळनंतर एकट्याने चालू नये. लहान मुलांना घोळक्याच्या मध्ये ठेवावे आणि पुढे धावू देऊ नये. झुडपाआड शौचास बसू नये, कारण वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला माणसासारखा भासत नाही. बिबट्या दिसलाच तर पळू नये, पाठ फिरवू नये, उभे राहून मोठ्याने बोलत सावकाश मागे सरावे आणि त्याची वाट मोकळी सोडावी. फोटोसाठी त्याच्या मागे जाणे सर्वस्वी वर्ज्य समजावे. उरलेले अन्न टाकल्याने कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीकडे येतो, म्हणून माकडांना किंवा कुत्र्यांना खायला घालणे हाही आपल्या आणि पाड्यावरच्या मुलांच्या जिवाशी खेळ आहे. सापांच्या बाबतीत पावसाळ्यात वाटेवर नजर ठेवणे आणि दगडाखाली हात न घालणे एवढे पुरेसे असते.

मुले, वृद्ध आणि पाड्यांविषयी

लहान मुलांसाठी फाटकाजवळचा परिसर, गांधी टेकडी आणि नदीकाठ पुरेसा आहे. सफारी पिंजराबंद वाहनातून असते आणि ती चालू असल्यास मुलांना आवडते. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी कान्हेरीला बसने जाऊन १ ते ३ क्रमांकांची लेणी पाहावीत; तेथवर पोहोचायला मोजक्याच पायऱ्या चढाव्या लागतात.

रस्त्याच्या कडेला आणि लेण्यांच्या वाटेवर पाड्यांवरच्या स्त्रिया काकडी, कैरी, बोरे, जांभळे असा हंगामाचा मेवा टोपलीत घेऊन बसलेल्या असतात. पाकीटबंद खाऊ नेण्याऐवजी तो घ्यावा आणि भाव पाडून मागू नये. पाड्यात बोलावल्याशिवाय शिरू नये, घरांचे आणि माणसांचे फोटो विचारल्याविना काढू नयेत.

भेटीपलीकडे

ज्यांना या जंगलाशी कायमचे नाते जोडायचे आहे त्यांनी उद्यानाच्या कडांवर चाललेल्या घडामोडींकडे लक्ष ठेवावे. आरेतील आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय शासनाने २०२० मध्ये जाहीर केला. दुसरीकडे ठाणे ते बोरिवली आणि गोरेगाव ते मुलुंड या रस्त्यांचे जुळे बोगदे उद्यानाच्या खालून नेले जात आहेत. भूगर्भातल्या खोदकामामुळे ओढ्यांच्या आणि झऱ्यांच्या पाण्यावर काही परिणाम होतो का, हे वर्षानुवर्षे पाहत राहावे लागेल. त्यासाठी नियमित फिरणाऱ्या माणसांच्या नोंदी उपयोगी पडतात. कोणता ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहिला, कोणत्या पाणवठ्यावर फेब्रुवारीत पाणी होते आणि एप्रिलमध्ये नव्हते, हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. उन्हाळ्यात धूर दिसला, जखमी प्राणी आढळला किंवा इमारतीच्या आवारात बिबट्या आला, तर गर्दी जमवण्याऐवजी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर ताबडतोब कळवावे आणि ठिकाण सांगताना जवळच्या ओढ्याचे, पाड्याचे किंवा लेण्याचे नाव द्यावे, म्हणजे पथकाला पोहोचायला वेळ लागत नाही.